दाबून धरलेला हात

"नाथादादा, काकीला नाक्यावर कशाला उभी केलीस?" रतनने फोनवर विचारलं.

नाथा मोरीत दात घासत होता. रतन शेजारच्या आळीतला, लांबच्या भाऊबंदांतला. गेल्या दोन निवडणुका तो 'भावी नगरसेवक' होता आणि त्याचं भावीपण टिकवून ठेवणारे सगळे फ्लेक्स नाथाच्या दुकानात तयार होत. त्यामुळे सकाळी सातला रतनचा फोन आला, की कुठेतरी त्याचा फोटो शेजारच्यापेक्षा लहान पडलाय, असंच नाथा धरून चालायचा.

"कुठली काकी?"

"हौसाकाकी, अजून कोण? तो आजाराचा बॅनर लावलायस ना, त्याच्यावर."

"अरे, त्या बाईला तोंडच नाहीये. नुसती काळी आकृती आहे."

"तोंड कशाला पायजे? सगळ्या गावाने ओळखली. आमची आजी आत्ता बोलली, हौसाला असं झालंय नि आपल्याला पत्ता नाय."

नाथाने चूळ भरली, तोंड न पुसताच चपला पायात सरकवल्या आणि तो नाक्यावर गेला.

फ्लेक्स काल संध्याकाळीच लागला होता. सहा बाय चारचा. मागे मिठाचं पांढरंशुभ्र रान, त्यावर बाजूने दिसणारी एका बाईची काळी आकृती. कासोट्याचं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची पाटी. उजवा हात पाटीला आणि डावा ओटीपोटावर. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'अंग खाली येतं? उठता-बसता, खोकताना त्रास होतो? यावर उपचार आहेत.' त्याखाली रविवारची तारीख, शाळेचा पत्ता आणि 'तपासायला फक्त महिला डॉक्टर' अशी ओळ.

नाक्यावर दोन मासळीवाल्या पाट्या लावत होत्या. दुधाची पिशवी घेतलेली एक बाई फ्लेक्ससमोर थांबली होती. नाथाला बघून ती चालू लागली. मासळीवाल्यांनी माशांवर पाणी मारायला सुरुवात केली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं नाथाला वाटलं.

मग त्याने वर बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार दिवस जी बाई तो इकडे-तिकडे सरकवत होता, ती इथे सहा फुटी फ्लेक्सवर त्याची आई होती. कोपरात मोडलेला डावा हात, मान किंचित उजवीकडे, सगळा भार उजव्या पायावर. रेशनच्या रांगेत, दारात, लग्नाच्या मांडवात, ती अशीच उभी राहायची. तिची ती ढबच आहे, असं तो जन्मभर धरून चालला होता. आणि त्या ढबीखाली त्याने लाल अक्षरांत तो प्रश्न लिहिला होता.

घरी आला तेव्हा जया कणीक मळत होती. "आईंना कळलंय," ती म्हणाली. "चहा तसाच ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसल्यात." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

नाथाचं बोट सोळाव्या वर्षापासून रंगात होतं. सार्वजनिक आरोग्याशी त्याचा पहिला संबंध 'येथे लघवी करू नये' या ओळीने आला. ती त्याने कोपरीपासून ठाकुर्लीपर्यंत किती भिंतींवर लिहिली याला हिशेब नाही, आणि ती पाळणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. पुढे फ्लेक्स आले. तिशीत तो कॉम्प्युटर शिकला, ब्रश डब्यात वाळून गेले. आता वाढदिवस, हळदी समारंभ, भावपूर्ण श्रद्धांजली, यांवर दुकान चालत होतं. मेलेला असो की मांडवातला, प्रत्येकाला दोन छटा गोरा करायचा, हा या धंद्यातला पहिला धडा.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टर रसिका त्याच्या दुकानात आल्या. डोंबिवलीच्या, पन्नाशीच्या. बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत होत्या. त्यांनी एक गुंडाळलेलं पोस्टर आणलं होतं. ते उलगडलं तर त्यात बाईच्या पोटाचा उभा छेद, गुलाबी आणि निळ्या रंगात, बाण काढलेले, वर जाड अक्षरांत 'गर्भाशय भ्रंश'. नाथा ताबडतोब प्रिंटरमध्ये कागद अडकलाय का ते बघू लागला.

डॉक्टर बसचा मार्ग सांगावा तशा सरळ सुरात सांगत गेल्या. खाडीकाठच्या गावांत मिठागरात काम केलेल्या बायका आता साठीच्या पुढे गेल्यात. डोक्यावर ओझी, बाळंतपणं पाठोपाठ, आणि बाळंतपणानंतर आराम नाही. त्यामुळे गर्भाशय जागा सोडून खाली उतरतं. बसता येत नाही, लघवी राहत नाही, जखमा होतात. जमिनी विकल्या गेल्या, बंगले आले, दारात गाड्या आल्या, पण हे दुखणं लुगड्याच्या आत तसंच राहिलं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं बायका कोणाला सांगत नाहीत. वास्तविक उपाय आहे. काहींना आत एक रबरी कडं बसवलं की भागतं, काहींचं ऑपरेशन होतं. मागच्या शिबिराला चार बायका आल्या. तिघी रक्तदाब तपासायला आणि चौथी त्यांच्या सोबतीला.

"बायका या पोस्टरकडे बघतच नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "असं का होत असेल?"

"मॅडम, मीपण बघत नाहीये," नाथा म्हणाला.

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी पोस्टर परत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "बघवेल असं काहीतरी काढा."

नाथाने बऱ्याच वर्षांनी कागदावर पेन्सिल टेकवली. छेद नको, बाण नकोत, रडणारी बाईही नको. त्याला आगर आठवलं. लहानपणी तो बांधावर बसायचा. उन्हात मीठ असं चमकायचं की पलीकडून येणाऱ्या बायकांची तोंडं दिसत नसत. ओळीने नुसत्या काळ्या आकृत्या यायच्या. तरी आपली आई कोणती, हे त्याला शंभर पावलांवरून कळायचं. हे सगळं त्याला आठवत होतं, आणि तरीही चेहरा काढला नाही की बाई कोणाचीच राहत नाही, असं त्याने मानलं. आयुष्य चेहरे कापण्यात आणि चिकटवण्यात गेलेला माणूस दुसरं काय मानणार?

चित्र बघून डॉक्टरांनी बाईच्या डाव्या हातावर बोट ठेवलं होतं.

"हा डावा हात कोणी सांगितला?"

"कोणी नाही. आगरातल्या बायका अशाच उभ्या राहायच्या."

"सगळ्या?"

नाथा आठवू लागला. "सगळ्यांचं नाही सांगता येत. आमची आई तरी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. "आईंना एकदा घेऊन या ना माझ्याकडे," त्या म्हणाल्या. जुन्या आगरातली माहिती हवी असेल, असं समजून नाथाने अभिमानाने हो म्हटलं होतं आणि नंतर ते विसरूनही गेला होता.

आता त्याने अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आईंना नको असेल तर फ्लेक्स आत्ताच्या आत्ता काढा, शिबिराचं बघता येईल. मला तेव्हा संशय आला होता, त्या पुढे म्हणाल्या, पण चित्रावरून कोणाच्या आईचं निदान करायचा मला अधिकार नाही. नाथाने खालच्या आवाजात विचारलं, एकाहत्तराव्या वर्षी हे बरं होतं का? होतं, त्या म्हणाल्या. त्याहून मोठ्या बायका बऱ्या झाल्यात.

फ्लेक्स काढायचा तर शिडी हवी होती, आणि शिडी मागच्या पडवीत होती.

हौसाबाई गोधडीच्या घडीवर एका कुल्ल्यावर कलून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात जवळा. काटक्या, शिंपल्यांचे तुकडे ती वेचून बाजूला टाकत होती. नाथाने शिडीला हात घातला.

"शिडी कनाला काढतंस?"

"बॅनर उतरवतो, आये."

"र्‍हाऊ दे."

नाथा शिडी धरून तसाच उभा राहिला. हौसाबाईने मान वर केली नाही.

"पाटी बरोबर काढलीस. चुंबल पन बरोबर. हात चुकलाय."

"कुठला?"

"डावा. तू नुसता ठेवलायस. ठेवत नाय तो. दाबून धरत्यात." तिने जवळ्याने माखलेली मूठ बेंबीच्या खाली रुतवून दाखवली. "पाटी डोक्याव आली का खालून समदं उतरतं. मंग असा. बोटा आत जेली पायजेत."

पडवीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्या वाजत होत्या. नाथा शिडी सोडून खाली बसला. "कवापासून, आये?"

"तुझ्या टायमाला." शिंपल्याचा एक तुकडा तिला सापडला, तो तिने टाकला. "बारशाच्या दुसरे दिशी आगरात जेले. मुकादम बोलला, नाय आलीस तर दुसरी बाई घेतो. तवा खाली आयला तो परत वर जेलाच नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"पोराला काय सांगाचा?"

"मग जयाला तरी."

"जयाला म्हायती हाय."

नाथाने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. जया तिथेच उभी होती. दहा वर्षं झाली, ती म्हणाली. धुण्यातून कळलं. आईंनी शपथ घातली होती. "तुम्हाला कसं सांगणार होते मी? तुमच्यासमोर त्या खोकायच्यासुद्धा नाहीत."

नाथाच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. हळदीच्या पंगतीत आई कधी खाली बसत नाही, वाढायला उभी राहते. एकवीरेच्या पायऱ्या गुडघ्यांमुळे चढवत नाहीत म्हणते, आणि डॉक्टरला गुडघे दाखवू या म्हटलं की गुडघे बरे होतात. गावाच्या बाहेर लग्नाला म्हणून ती गेली नव्हती. या सगळ्याला तो आजवर आईचा हेकटपणा म्हणत आला होता, आणि चारचौघांत तिची नक्कलही करत आला होता.

"नाक्यावरची गोष्ट कळली तवा मना लय राग आला," हौसाबाई म्हणाली. "वाटला, तुझ्या दुकानात यावा नि तुझा कंपूटर फोडावा. मंग रतनची आजी आयली. मागल्या दारान."

रतनच्या आजीचं आणि हौसाबाईचं एका बांधावरून सोळा वर्षं वाजलेलं होतं. जमीन विकून बांध गेला तरी अबोला राहिला होता.

"काय म्हणाली?"

"दारात उभी र्‍हायली. बोलली, हौसा, तुला पन?" हौसाबाईने सूप खाली ठेवलं. "तीस वरसा एका आगरात पाट्या उचलल्या आमी. मी तिच्या मागं, ती माझ्या पुढं. नि काय म्हायत नाय."

नाथाने हात चेहऱ्यावरून फिरवला.

"रडू नको. उठ. हात नीट काढ," ती म्हणाली. "नाव घालू नको, तेवढा बस झाला. नि गोरी करू नको मना."

नाथाने घरातून वही-पेन्सिल आणली. हौसाबाई उठली. आधी एक हात भिंतीला, मग गुडघा, मग दुसरा हात पोटाशी, मग थांबणं, मग सरळ होणं. नाथाने एवढ्या वर्षांत हे उठणं पुरतं कधी बघितलं नव्हतं. ती अर्ध्यात असतानाच तो नेहमी बोलायला लागायचा. आज तो गप्प राहिला आणि तिने मूठ रुतवली तशी त्याने काढली. मनगट वाकलेलं, बोटं दिसत नाहीत, लुगड्याला तिथे खोल चुण्या. दुपारपर्यंत नवा फ्लेक्स छापून झाला. नाक्यावर तो चढवताना मासळीवाल्यांपैकी एकीने शिडी धरली.

सरकारी दवाखान्याची आशा सेविका शकू गल्लीगल्लीतून फिरायची. तिला गावात सगळी घरं मागच्या दाराने माहीत होती. शुक्रवारी ती दुकानात आली आणि खुर्चीत टेकत म्हणाली, आजवर मला कोणी या विषयावर थांबवलं नव्हतं, या आठवड्यात अकरा जणींनी थांबवलं. एकीला नणंदेसाठी विचारायचं होतं, एकीला शेजारणीसाठी, एकीला नालासोपाऱ्याच्या बहिणीसाठी. "स्वतःसाठी एकीलापण नाही," शकू म्हणाली. "नाथाभाऊ, एवढ्या नणंदा नि शेजारणी आल्या तर शाळा पुरायची नाही."

रविवारी नऊ वाजल्यापासूनच शाळा भरू लागली. बायका हळदीला जाव्यात तशा नेसून आल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, मोठी नथ, केसांत अबोली. रतनने काळ्या काचांच्या गाडीतून आजीला आणून फाटकाशी उतरवलं, आणि फलकावर आपलं नाव सौजन्य म्हणून घातलंय का, हे त्याने या वेळी विचारलं नाही. हौसाबाई जयाबरोबर चालत आली. ती आणि रतनची आजी एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या.

अडचण वेगळीच निघाली. शाळेतले बाक लहान मुलांचे, टीचभर उंचीचे. या बायकांना त्यांवर बसणं शक्यच नव्हतं, आणि बसलेलीला उठणं तर नाहीच. पुरुषांना आत मनाई होती. डॉक्टरांनी फाटकाशी येऊन नाथाला खुर्च्या आणायला पिटाळलं. मांडववाल्याचं गोडाऊन दोन गल्ल्यांवर होतं. नाथा एका खेपेला चार-चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलून आणायचा आणि व्हरांड्यात चादरीचा पडदा बांधला होता त्याच्या अलीकडे ठेवायचा. तिथून जया त्या आत ओढून घ्यायची.

पडद्यापलीकडे शकूचं टेबल होतं. नाव, वय, बाळंतपणं किती, असं विचारत ती फॉर्म भरत होती. आवाज अलीकडे स्पष्ट ऐकू येत होते.

"त्रास किती दिवसांपासून आहे?" शकूने विचारलं.

"असाच, पाच-सा दिस," कोणीतरी पुटपुटलं.

"तुम्हाला?"

"आठवडा झाला असंल."

नाथा खुर्च्या उतरवत होता. पुढचा आवाज आला तो त्याला ओळखावा लागला नाही.

"हौसाबाई. वय एकाहत्तर."

"त्रास किती दिवसांपासून, मावशी?"

"दिस कनाला इचारतंस? माझा नाथा अठ्ठेचालीसचा झाला. तवापासून. अठ्ठेचालीस वरसा लिव."

आत कुजबुज चालली होती ती थांबली. डॉक्टर काहीतरी म्हणाल्या, हलक्या आवाजात. मग एक खुर्ची सरकली आणि मघाची पाच-सहा दिवसवाली बाई टेबलाशी परत आली असावी.

"गो शकू, माझा बदल. एकतीस कर."

"एकतीस दिवस?"

"वरसा, गो."

"माझा पन खोड," रतनच्या आजीचा आवाज आला. "मी आठवडा बोलले व्हते. बावन लिव. हौसाच्या आधीपासून हाय माझा."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. मग आकडे भराभर येऊ लागले. बावीस. चाळीस. सव्वीस, नाय, धाकट्याच्या वेळेपासून धरला तर अठ्ठावीस. शकू हळू बोला म्हणत होती, एकेकीने बोला म्हणत होती. पडद्याच्या फटीतून जयाचा हात बाहेर आला आणि त्याने अजून चार, अशी खूण केली.

फाटकातून आणखी पाच-सहा बायका आत येत होत्या. त्यांना वाट देण्यासाठी नाथा भिंतीला टेकून उभा राहिला, आणि त्या आत गेल्यावर खुर्च्या आणायला निघाला.